स्ट्रॉबेरीला आढी नसते

वरून बघितलं तर फळ लालबुंद होतं. घरच्या रोपाचं पहिलं फळ. आठ दिवस मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. त्या सकाळी देठ चिमटीत धरून ते उचललं आणि बोट आत गेलं. मातीकडची बाजू पोखरलेली होती. चमच्यानं शहाळ्यातली मलई काढावी तसा आत गुळगुळीत खळगा, आणि तिथून वाफ्याच्या कडेपर्यंत गेलेली एक वाळलेली, चकचकीत रेघ.

फळ मी आबांना नेऊन दाखवलं. आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर खटाव तालुक्यातलं गाव सोडून ते साताऱ्याला माझ्याकडे राहायला आले. त्यांनी फळ हातात फिरवून बघितलं, वास घेतला आणि एवढंच म्हणाले, "पिकवलंस खरं, पण राखलं न्हाईस."

ही २०२१च्या डिसेंबरातली गोष्ट. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं घर आहे आणि मागे १५ बाय २० फुटांचं परस. त्या ऑक्टोबरात वाईजवळच्या एका रोपवाटिकेतून मी ४० रोपं आणली होती, निम्मी विंटर डॉन जातीची, निम्मी नाबिला. सातारकरांना स्ट्रॉबेरीचं अप्रूप वाटायचं खरं तर कारण नाही. पाचगणी, भिलार, महाबळेश्वर तास-दीड तासावर. २०१०मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि डिसेंबर लागला की आमच्या मंडईतही खोक्यांच्या थप्प्या लागतात. तरीही मला ती घरीच लावायची होती, आणि त्याचं कारण सांगायचं तर आधी आढीबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे फळ म्हणजे आढी. आंब्याला पाड लागला की उरलेला कच्चा आंबा उतरवायचा, भाताच्या पेंढ्यात थर लावायचे, वर गोणपाट. सीताफळाचे डोळे उघडले की ते धान्यात पुरायचं. चिकू तांदळाच्या डब्यात. झाडावरून काढलं की फळ आपल्या ताब्यात आलं, पुढचं पिकणं घरात, दाराआड. पाखरांचा, खारींचा, वाऱ्या-वादळाचा धोका संपला. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. तोडल्यावर तिचा रंग थोडा चढतो, ती मऊ पडते, पण गोडी जिथल्या तिथे राहते. गोडी येते ती देठातून, आणि देठ तुटला की संपलं. लांबच्या बाजाराला जाणारं फळ पाऊण लाल झालं की तोडावंच लागतं, नाहीतर मुंबईला पोचेपर्यंत त्याचा लगदा होईल. शेतकऱ्याचा त्यात दोष नाही. पण खांद्यापर्यंत, म्हणजे अगदी देठाच्या हिरव्या टोपीखालीही लाल झालेली स्ट्रॉबेरी खायची असेल तर ती स्वतःच्या वाफ्यातच पिकू द्यावी लागते. आणि तिला पिकू द्यायचं म्हणजे शेवटचे दोन-तीन दिवस, जेव्हा तिचा वास सगळ्या परसात पोचलेला असतो, तेव्हा तिला तिथेच उघड्यावर ठेवायचं.

माझी सगळी धडपड या दोन-तीन दिवसांची.

पहिल्या हंगामात मी निम्म्याहून जास्त फळं घालवली. पण त्या खाल्लेल्या फळांनी मला बरंच शिकवलं. खळगा खालून आणि कडा गुळगुळीत असली तर गोगलगाय. वरच्या, उन्हाकडच्या बाजूला तिरका टोचा असेल तर बुलबुल. फळ पूर्ण नाहीसं आणि देठाला नुसती हिरवी टोपी लोंबतेय तर खार. मुंग्या भरलेल्या दिसल्या तरी बहुतेक वेळा त्या मागाहून आलेल्या असतात, भोक दुसऱ्याचं. सुरुवातीला मी सगळा राग मुंग्यांवर काढला, वाफ्याभोवती हळद-मीठ काय, खडूची रेघ काय, आणि खरं काम करणारी रात्री अकरा वाजता सावकाश चालत येत होती.

तिला पहिल्यांदा बघितलं ते बॅटरीच्या उजेडात. शंख नसलेली, करंगळीएवढी, राखाडी गोगलगाय. पानाच्या देठावरून ती फळावर उतरत होती. पुढची दोन शिंगं लांब करून तिनं फळाला स्पर्श केला, आत ओढून घेतली, पुन्हा लांब केली. मग तोंड लावलं. तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, किसणीसारखे. त्यांनी ती गर खरवडते, म्हणून तो खळगा इतका गुळगुळीत. "गोगलगाय आणि पोटात पाय" हे आपण माणसांबद्दल बोलतो, पण मी गुडघ्यावर बसून जवळून बघितलं तेव्हा ते शब्दशः दिसलं. तिचं सगळं पोट म्हणजेच एक पाय. त्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि त्या लाटांवर ती पुढे सरकत होती. पंधरा मिनिटं मी नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवशी एका दुकानातून मी गोगलगायींचं दाणेदार औषध आणलं. घरी येऊन पाकिटावरचं वाचलं आणि ते तसंच कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. असल्या काही औषधांमधलं मेटाल्डिहाइड कुत्र्यांनाही मारतं, आणि आमच्या गल्लीतली कुत्री परसाच्या मोडक्या कुंपणातून येतात-जातात. शिवाय स्ट्रॉबेरीला साल नसते. जे वर पडेल ते आपल्या तोंडात. आणि आमच्या पेरूखाली अधूनमधून भारद्वाज येतो. त्याला एकदा मी शंखाची गोगलगाय चोचीत धरून दगडाशी खटपट करताना पाहिलं आहे. भारद्वाज दिसला की आई काम थांबवून हात जोडायची. त्याच्या ताटात मी विष कसं वाढणार?

मग उरतं ते हातानं वेचणं. २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली आणि लोकांवर दुबार पेरणीची पाळी आली. तेव्हा जो उपाय सगळीकडे सांगितला जात होता तो मी माझ्या एवढ्याशा परसात करून बघितला. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाकायचं आणि सकाळी ऊन यायच्या आत उचलायचं. खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. पहिल्या दिवशी ३१ निघाल्या. पपईची साल पालथी ठेवली तरी येतात. मी त्या साबणाच्या पाण्यात टाकते. ते करताना मला बरं वाटत नाही, अजूनही नाही, पण पलीकडच्या प्लॉटवर नेऊन सोडल्या तर त्या परत येतात हेही मी बघितलं आहे.

त्याहून मोठा फरक पडला तो पाण्याची वेळ बदलल्यानं. मी नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी पाणी घालायचे, म्हणजे रात्रभर ओली, गार जमीन मीच तयार करून देत होते. आता सकाळी सातला पाणी, तेही बुंध्याशी. रात्रीपर्यंत वरची माती सुकते.

आणि करवंट्या. ही युक्ती आबांची. फळ मातीला टेकू नये म्हणून पूर्वी डोंगरावर वाफ्यांत गवत, पेंढा अंथरायचे, आता बहुतेक सगळीकडे माती झाकणारा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर आहे. मी पेंढा घातला होता आणि त्याच पेंढ्यात गोगलगायी दिवसभर लपून बसायच्या. आबांनी महिनाभराच्या करवंट्या साठवल्या आणि एकेक घोसाखाली पालथी घातली. फळं त्या काथ्याळ, कोरड्या घुमटावर टेकतात, त्यांना खालून वारा लागतो, करडी बुरशी धरत नाही. शिवाय रात्रीच्या गोगलगायी उजाडायला लागलं की त्याच करवंटीखाली अंधारात शिरतात. सकाळी करवंटी उचलायची आणि वेचायच्या. आबा रोज सकाळी हे काम करतात. वाकायला त्रास होतो म्हणून बुटका पाट घेऊन वाफ्याशी बसतात, करवंटीमागून करवंटी उचलतात.

पाखरांशी मात्र आबांचं जुनं नातं. आमचं रान कोरडवाहू, रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक. दिवाळीनंतर ज्वारी निसवायची, कणसं चिकात यायची, आणि तेव्हापासून दाणा टणक होईपर्यंत राखण. हेच दिवस, डिसेंबर आणि जानेवारी. चिमण्या, पोपट आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भोरड्या. काळ्या-गुलाबी भोरड्यांचा थवा एकदा पट्टीवर उतरला की घटकाभरात कणसाची नुसती बोंडं उरायची. रानाच्या मधोमध चार मेढींवर माळा बांधलेला असे. रात्री डुकरांसाठी आबा माळ्यावर, आणि पहाटेची पाळी आईची, कारण पाखरं उजाडता उजाडताच पडतात. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईबरोबर जायचे. अंधारात ती गोफण फिरवायची आणि टोकाचा फटका असा वाजायचा की समोरच्या टेकडीवरून परत ऐकू यायचा. गुंडा लागावा म्हणून ती फेकत नसे, आवाजासाठी फेकायची. मधूनच लांब हाळी द्यायची, "हाऽऽ हाऽऽ". तिचा आवाज थकला की मी द्यायचे.

बुलबुलांसाठी मी बुजगावणं लावायचं म्हटलं तर आबा हसले. "एका जागी ऱ्हायलं की पाखरांचं सोयरं हुतंय ते. रोज हलवावं लागतंय." खरंच होतं ते. चमकणाऱ्या फिती लावल्या, चार दिवस चालल्या. लाल मणी देठांना बांधून ठेवले, म्हणजे एकदा चोच मारून कडक लागलं की परत येणार नाहीत, हाही उपाय आठवडाभर चालला. मग मी नायलॉनची बारीक जाळी आणून वाफ्यावर नुसती टाकली.

त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं. एका रविवारी दुपारी मागच्या दारी फडफड ऐकू आली. एक बुलबुल जाळीच्या सैल पडलेल्या घडीत अडकला होता. जेवढा धडपडला तेवढी जाळी आवळत गेली होती. एक धागा पंखाच्या मुळाशी, एक पायाला. मी रुमालात त्याला धरलं आणि नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा कापत गेले. मुठीत त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की माझा हात थरथरत होता की तो, मला कळेना. शेपटीखालचा लाल ठिपका माझ्या बोटाला चिकटलेला. चोच उघडी होती आणि तिच्या कडेला स्ट्रॉबेरीचा एक पिवळा बी लागलेला. सुटल्यावर तो उडाला नाही, आळूच्या पानाखाली बसून राहिला. अर्ध्या तासानं बघितलं तेव्हा गेलेला होता.

त्याच महिन्याच्या शेवटी बुलबुलाच्या जोडीनं आमच्या जास्वंदीत घरटं केलं. पिल्लांना ते अळ्या, किडे भरवत होते, आणि त्यातल्या कितीतरी अळ्या माझ्याच रोपांवरच्या होत्या.

जाळी मी काढून टाकली. आता बांबूच्या कामट्यांच्या चौकटी आहेत, त्यांवर जाड, ताठ ताणलेली जाळी, भोक इतकं लहान की करंगळी जाऊ नये. कुठेही झोळ नाही आणि कडा विटांनी दाबलेल्या. रोज संध्याकाळी एक फेरी मारते, कुणी आत अडकलंय का बघायला. बाजूला मातीच्या थाळीत पाणी असतं. जानेवारीनंतर ऊन चढायला लागलं की पाखरं पुष्कळदा तहानेपोटीही फळाला चोच मारतात, आणि थाळी ठेवल्यापासून टोचे कमी झाले हा माझा अनुभव आहे.

पण ताठ जाळीनं नवीन पंचाईत केली. चौकटी मी फुलं आल्याबरोबर बसवल्या. फळं धरली ती वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली आणि दुसऱ्या बाजूला आवळलेली, टोकाशी बिया दाटीनं गोळा झालेल्या. मला वाटलं रोग. भिलारच्या एका शेतकऱ्याला फोटो दाखवला, ते म्हणाले, "ताई, रोग नाही. माशी आत येत नाही तुमच्याकडं."

स्ट्रॉबेरीच्या अंगावरचा एकेक पिवळा ठिपका म्हणजे खरं तर एकेक फळ आहे, आणि एका स्ट्रॉबेरीवर असे दीडशे-दोनशे असतात. ज्या ठिपक्याला पराग पोचला त्याच्याभोवती गर फुगतो, ज्याला नाही तिथे खोबण राहते. म्हणजे माझ्या फळांवर माश्यांची गैरहजेरी ठिपक्या-ठिपक्यानं लिहिलेली होती. या फळाचा जन्मच असा आहे. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरनं १७१४ साली चिलीहून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची पाच रोपं जहाजातून जगवून फ्रान्सला नेली. पाणी मोजून मिळणाऱ्या त्या सहा महिन्यांच्या प्रवासात पाच रोपं जगवणं काय असेल याचा मी पाणी घालताना विचार करते. पण ती सगळी मादी रोपं होती. राखली, वाढवली, तरी नीट फळेनात. पुढे उत्तर अमेरिकेतल्या लहान फळांच्या जातीशेजारी ती लावली गेली, पराग मिळाला, आणि त्या दोघींच्या संकरातून आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी आली. १७६६मध्ये द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं तो संकर ओळखला. बागेच्या भिंतीआड सांभाळलेल्या रोपांना दुसऱ्याकडून काही यावं लागलं, तेव्हा कुठे फळ धरलं.

महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी मधमाशी आहे, आणि मांघर हे गाव तर २०२२पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. माझ्या परसात सातेरी क्वचित येते, पण तुळशीवर बारीक माश्या असतात. आता फुलं असतील तोवर जाळी सकाळी उघडी, दुपारी दोननंतर बंद. हिरवं फळ पांढरं पडून गालावर गुलाबी छटा आली की त्या रोपाची चौकट पक्की बंद. वाफ्याच्या कडेनं तुळस आणि झेंडू वाढवला आहे.

बाकीच्या किडींचं थोडक्यात सांगते. कच्च्या शेणखतातून एका वर्षी हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आली, चार रोपं मान टाकून बसली आणि उचलली तर मुळंच नव्हती. तेव्हापासून पूर्ण कुजलेलं, चाळलेलं खतच. माव्याला निंबोळी अर्क पुरतो. फेब्रुवारीत पानांच्या पाठीला लाल कोळी बारीक जाळं विणतो, त्याला पाण्याचा फवारा खालून मारायचा. एक चूक मात्र कुणी करू नये म्हणून सांगते. माव्यात फिरणाऱ्या काळ्या-नारिंगी, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या मी पहिल्या वर्षी वेचून चिरडल्या. ती ढालकिड्याची पिल्लं होती, मावा खाणारी. ओळख पटेपर्यंत हात आवरावा.

गेल्या जानेवारीत आबांना घेऊन भिलारला गेले. पुस्तकांचं गाव म्हणून लोक येतात तिथे, आम्ही सरळ रानात गेलो. थंडीनं बोटं आखडत होती. बायका सरीत ओणव्या होऊन फळ खुडत होत्या. फळाला हात न लावता देठ नखानं तोडायचा आणि अलगद पाटीत ठेवायचं, इतक्या वेगानं की बघताना नजर मागे पडायची. आबा बांधावर उभे होते. त्या शेतकऱ्याला त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "राखायला कोण असतंय?" गव्यांसाठी रात्री जागावं लागतं, वानरांसाठी दिवसा, असं ते म्हणाले आणि मग दोघांचं जे बोलणं सुरू झालं ते जेवायची वेळ झाली तरी संपेना. माळा, शेकोटी, पत्र्याचा डबा. आई गेल्यापासून मी आबांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

या हंगामात एक रोप वेगळंच आलं आहे, विंटर डॉनचं. त्याला एका घोसात पाच फळं, आणि मधलं जवळजवळ लिंबाएवढं. आठवड्यापूर्वी ते पांढरं होतं, मग गुलाबी, मग लाल. खांदे मात्र अजून पांढरे. परवा मी हात पुढे केला तर आबा म्हणाले, "दोन दीस थांब. खांदं भरू देत." त्याच रात्री उंदरानं कुठल्याशा फटीतून शिरून घोसातली दोन फळं नेली. मी विटा घट्ट केल्या, फट बुजवली. तरी काल रात्री मला झोप येईना. साडेदहाला बॅटरी घेऊन मागचं दार उघडलं.

ओट्यावर खुर्ची होती. आबा कानटोपी घालून, घोंगडी पांघरून बसले होते, पायाशी काठी आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. बॅटरी विझवलेली. मी म्हटलं, "आबा, थंडी किती आहे, आत चला ना."

त्यांनी वाफ्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "तू जाऊन पड. पहाटंची पाळी तुझी."